परदेशातला उन्हाळी माध्यम अभ्यासक्रम: निघण्याआधी काय काय करून ठेवावं?

पाऊलखूण

परदेशी विद्यापीठांत उन्हाळ्यात तीन ते सहा आठवड्यांचे माध्यम अभ्यासाचे वर्ग चालतात. सकाळी सिद्धांत, दुपारी प्रत्यक्ष काम, शेवटी तीन-चार मिनिटांचा माहितीपट आणि एक निबंध, असा साधारण साचा. माहितीपत्रकात वसतिगृह आणि हवामानाबद्दल भरपूर लिहिलेलं असतं, पण अभ्यासाची आणि चित्रीकरणाची तयारी कशी करायची याबद्दल दोन ओळीही नसतात.

समजा अभ्यासक्रम चार आठवड्यांचा आहे आणि निघायला दहा आठवडे आहेत. वाचन, उपकरणं, कागदपत्रं यांचा क्रम काय लावावा? स्वतःचा कॅमेरा न्यावा की तिथला वापरावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कागदोपत्री

क्रम विचारलात म्हणून सांगतो. व्हिसा लागणार असेल तर पहिला नंबर त्याचा. बाकीची कामं मागेपुढे झाली तरी चालतात, हे काम उशिरा सुरू केलं तर जाणंच रद्द होतं.

शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) ९० दिवसांच्या आतल्या अभ्यासक्रमाला अल्पमुदतीचा सी प्रकारचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून घेतात, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण शंका आली तर ते ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, उतरणार दुसरीकडे असलात तरी.

ब्रिटनमध्ये ६ महिन्यांपर्यंतचा अभ्यास स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर करता येतो, मात्र संस्था मान्यताप्राप्त हवी. अर्ज ३ महिने आधीपासून. शेंगेन व्हिसा ब्रिटनला आणि आयर्लंडला चालत नाही, हे शनिवार-रविवारचे बेत आखताना लक्षात ठेवा.

अमेरिकेच्या बाबतीत बरेच जण अडकतात. पदवीला जोडले जाणारे क्रेडिट (श्रेयांक) मिळणार असतील तर पर्यटक व्हिसा चालत नाही, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो. विद्यापीठाकडून आय-२० हे प्रवेशाचं प्रमाणपत्र आलं की सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेचं शुल्क, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी देशात शिरता येत नाही.

आणि एक खास माध्यमवाल्यांसाठी. विद्यापीठाकडून जे प्रवेशपत्र मागवाल त्यात ‘चित्रीकरण हा या अभ्यासक्रमाचा भाग आहे’ असं वाक्य घालून घ्या. पत्रकारांसाठी बऱ्याच देशांत वेगळा व्हिसा असतो. सामानात मोठा माइक आणि ट्रायपॉड दिसला की प्रश्न येणारच. छापील पत्र हातात असेल तर तो दोन मिनिटांत मिटतो.

मोगरा

वाचनखूण साठवली. पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

तळटीप

कागदोपत्री यांच्याशी सहमत, पण व्हिसाच्याच आठवड्यात क्रेडिटचंही बघा. परत आल्यावर ‘हा विषय आमच्याकडे बसत नाही’ असं मूळ विद्यापीठाने सांगितलं तर काही करता येत नाही. जाण्याआधी विद्यार्थी, मूळ संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या सह्यांचा लेखी करार करून घ्यावा. सोबत विषयाचं नाव पुरत नाही. आठवडावार अभ्यासक्रम, वर्गाचे तास, मूल्यमापनाची टक्केवारी आणि वाचनयादी जोडावी लागते.

युरोपात ईसीटीएस ही क्रेडिट मोजायची सामायिक पद्धत आहे, तिचं एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास काम. सहा क्रेडिटचा अभ्यासक्रम म्हणजे १५० ते १८० तास. चार आठवड्यांत भागलं तर आठवड्याला ३८ ते ४५. वर्ग वीस तासांचा असेल तर उरलेले अठरा ते पंचवीस तास वाचन, चित्रीकरण आणि संकलनात जातात. भटकायला वेळ किती उरेल याचं उत्तर या भागाकारात आहे. अमेरिकेत तीन क्रेडिट म्हणजे साधारण ४५ तास वर्ग, आणि वर्गाच्या दुप्पट बाहेरचं काम धरतात. बहुतेक ठिकाणी दोन ईसीटीएस बरोबर एक अमेरिकी क्रेडिट असा हिशोब लावतात, पण तो गृहीत धरू नका. लेखी घ्या.

वाचनाबद्दल वेगळा प्रतिसाद लिहितो, कारण माझ्या मते खरी तयारी तीच आहे. कॅमेरा तिथे शिकता येतो. सत्तर पानं रोज वाचून दुसऱ्या दिवशी वर्गात बोलायची सवय तिथे गेल्यावर लागत नाही.

फ्रेमबाहेर

तळटीप, शेवटच्या वाक्याला सपशेल विरोध! चार आठवड्यांत कॅमेरा ‘तिथे शिकता येतो’ हे फक्त माहितीपत्रकात खरं असतं. पहिल्या आठवड्यात दोन तासांचं प्रात्यक्षिक होतं, दुसऱ्या आठवड्यात चित्रीकरण सुरू. ज्याला फोकस, एक्सपोजर (प्रकाशाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने लावता येत नाही तो संबंध दुसरा आठवडा बटणं शोधण्यात घालवतो.

आता कॅमेरा न्यायचा की नाही. संस्थेचा कॅमेरा चांगला असतो पण तो २४ किंवा ४८ तासांच्या बोलीवर मिळतो, आणि सगळ्यांना तो शुक्रवारी संध्याकाळीच हवा असतो. म्हणून स्वतःचं एक छोटं साधन जवळ असावं, संस्थेचा कॅमेरा मुख्य मुलाखतींसाठी राखावा. ते छोटं साधन फोनही चालेल.

आता खरी मेख. विजेची वारंवारिता. युरोप आणि ब्रिटनमध्ये ५० हर्ट्झ, उत्तर अमेरिकेत ६०. जपानमध्ये देशाचे दोन भाग आहेत, टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६०. दिवे या वारंवारितेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. ५० हर्ट्झच्या देशात शटर १/५० किंवा १/१०० सेकंद आणि फ्रेम दर (सेकंदाला किती चित्रं) २५ ठेवा. ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२० आणि ३०. चुकलं तर चित्रात आडवे पट्टे सरकत राहतात आणि संकलनात ते धड काढता येत नाहीत. कॅमेऱ्यात पाल (२५ फ्रेमची) की एनटीएससी (३० ची) अशी निवड असते. काही कॅमेऱ्यांत ती बदलली की कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, म्हणून रिकाम्या कार्डावर निघण्याआधीच बदलून ठेवा. आयफोनमध्ये २५ फ्रेमचा पर्याय मुळात लपलेला असतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओखाली ‘शो पाल फॉरमॅट्स’ सुरू केल्यावरच तो दिसतो.

गटात पाच जण पाच देशांतून आलेले असतात. पहिल्याच बैठकीत फ्रेम दर ठरवून टाका. अर्धं २५, अर्धं ३० असं चित्रण एका टाइमलाइनवर आणलं की हालचाल अडखळते.

ध्वनिवेल्हाळ

चित्राबद्दल बोलून झालं असेल तर आता आवाजाकडे वळू या. :) थोडं डळमळीत चित्र माणूस सहन करतो. मुलाखतीतला घुमणारा, लांबून आलेला आवाज अर्ध्या मिनिटातच नकोसा होतो. सामानात एकाच वस्तूची जागा असेल तर ती माइकला द्या.

पुरेसा संच असा: एक छोटा ध्वनिमुद्रक, एक तारेचा कॉलर माइक, बंदिस्त हेडफोन, वारा अडवायला माइकवर चढवायची केसाळ टोपी आणि जास्तीचे सेल. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनो (एकाच वाहिनीचं) असेल तर तासाला साधारण अर्धा जीबी. बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीतभर. रेशमी किंवा कडक कापडावर घासल्याचा आवाज येतो, म्हणून मागे तारेचा एक वेटोळा करून चिकटपट्टीने बसवा. मुलाखत संपल्यावर कुणी हलायच्या आत त्या खोलीची शांतता एक मिनिट मुद्रित करा. संकलनात दोन वाक्यं जोडताना मधली पोकळी त्यानेच भरते.

बिनतारी माइक नेणार असाल तर लहरी तपासा. २.४ गिगाहर्ट्झवरचे छोटे संच जवळपास सगळीकडे विनापरवाना चालतात. यूएचएफ (काहीशे मेगाहर्ट्झवरच्या) संचांचं तसं नाही. ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ब्रिटन-युरोपात विनापरवाना आहे, अमेरिकेत तोच मोबाइल सेवेचा आहे. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले बहुतेक जुने संच २०२० पासून वापरता येत नाहीत. संचावर छापलेला आकडा वाचून मगच पिशवीत टाका.

रात्रपाळी

ध्वनिवेल्हाळ +१. आता फाइलींचं. तोंडी सगळ्यांना माहीत असतं, हिशोब कुणी करत नाही.

कॅमेरा १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने टिपत असेल तर ते सेकंदाला १२.५ मेगाबाइट, मिनिटाला ७५०, तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत भरतं. रोज दोन तास चित्रण आणि आठ दिवस काम धरलं तर ७२० जीबी. म्हणजे एक टीबीच्या दोन डिस्क, दोन्हींवर तेच, आणि दोन्ही एकाच पिशवीत ठेवायच्या नाहीत. कार्ड व्ही-३० लिहिलेलं घ्या, सलग सेकंदाला ३० मेगाबाइटचा वेग त्यात धरलेला असतो.

डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर मॅक मुळात फक्त वाचतो, लिहीत नाही. फॅट-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विद्यापीठात मॅक, वसतिगृहात विंडोज असं नेहमी असतं, तेव्हा एक्सफॅट हाच मधला मार्ग. फक्त केबल ओढण्याआधी ‘इजेक्ट’ करायचंच, या फॉरमॅटमध्ये मध्येच तुटलं तर सावरायला फार काही नसतं.

फोनच्या चित्रणाचा फ्रेम दर स्थिर नसतो. वेगळ्या मुद्रकावरचा आवाज लावला की वीस मिनिटांच्या मुलाखतीत ओठ आणि शब्द हळूहळू सुटत जातात. हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ लावून आधी रूपांतर करा, मग संकलनात घ्या.

संस्थेने दिलेलं सॉफ्टवेअरचं लायसन्स अभ्यासक्रमासोबत संपतं. नव्या आवृत्तीतली प्रोजेक्ट फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. शेवटच्या दिवशी तीन गोष्टी घेऊन निघा: प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या उच्च दर्जाच्या फॉरमॅटमधली मूळ प्रत, शीर्षकं आणि उपशीर्षकं नसलेली दुसरी प्रत, आणि प्रोजेक्टची एक्सएमएल फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येणारा संकलनाचा आराखडा).

सावळी

विमानात बॅटरी कुठे ठेवायच्या? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

रात्रपाळी

@सावळी, सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक कायम हातातल्या सामानात, खाली जाणाऱ्या पेटीत कधीच नाही. मर्यादा वॉट-तासात मोजतात. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची संमती आणि जास्तीत जास्त दोन. वॉट-तास म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर-तास. २०,००० मिलिअँपियर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ भरते, म्हणजे चालते. कॅमेऱ्याची बॅटरी पंधरा-वीसच्या घरात असते. टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येकीला वेगळी पिशवी. आकडा पुसला गेलेली बॅटरी काढून घेऊ शकतात, तेव्हा ती नेऊच नका.

चिकित्सक

उपकरणांवर इतकं लिहिलंय, आता त्याच उपकरणांनी कुठे काय टिपता येतं तेही बघू या.

फ्रान्स आणि जर्मनीत स्वतःच्या चेहऱ्यावर माणसाचा हक्क आहे. जर्मनीतला तो कायदा १९०७ चा. गर्दीचं दृश्य वेगळं आणि गर्दीतून एकाच चेहऱ्यावर झूम केलेलं वेगळं. दुसऱ्याला संमती लागते. जर्मनीत खाजगी बोलणं गुपचूप मुद्रित करणं हा फौजदारी गुन्हा आहे. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषण मुद्रित करायला सगळ्यांची संमती लागते, न्यूयॉर्कमध्ये एकाची पुरते.

जागेच्या परवानगीतही असाच फरक. न्यूयॉर्क शहरात हातातला किंवा ट्रायपॉडवरचा कॅमेरा असेल आणि रस्ता अडवत नसाल तर परवाना लागत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत परवानगीशिवाय काम करता येत नाही. कॅनरी वॉर्फसारखे भाग सार्वजनिक रस्त्यासारखे दिसतात पण खाजगी मालकीचे आहेत, ट्रायपॉड उघडला की सुरक्षारक्षक येतो. पॅरिसमध्ये आयफेल टॉवर दिवसा टिपायला कुणी अडवत नाही, रात्रीच्या रोषणाईवर मात्र स्वामित्व हक्क सांगितला जातो. खाजगी फोटोला अडचण नाही, फिल्म पुढे महोत्सवात किंवा विक्रीला जायची असेल तर ते दृश्य टाळलेलं बरं.

ड्रोन घरी ठेवा. युरोपीय संघात कॅमेरा लावलेला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी चालवणाऱ्याची नोंदणी लागते, उंचीची मर्यादा १२० मीटर, आणि शहरात बंदी असलेले पट्टे पदोपदी. चार आठवड्यांच्या कामात तो व्याप परवडत नाही.

संमतीपत्र निघण्याआधी तयार करा. एक पान पुरे: फिल्मचं कामचलाऊ नाव, कुठे दाखवणार (वर्गात, महोत्सवात, इंटरनेटवर, प्रत्येकाला वेगळा चौकोन), माघार घ्यायची मुदत, ईमेल, सही, तारीख. स्थानिक भाषेत भाषांतर करून त्या भाषेच्या माणसाकडून तपासून घ्या. दोन प्रती, एक मुलाखत देणाऱ्याला. ‘इंटरनेटवर’ हा चौकोन विसरलात तर फिल्म पुढे कुठेच टाकता येत नाही, कारण परत आल्यावर त्या माणसाला शोधणं अवघड असतं.

मोगरा

शाळेतल्या मुलांवर फिल्म करायची असेल तर?

चिकित्सक

@मोगरा, पालकांची लेखी संमती, शाळेची परवानगी आणि बहुतेक विद्यापीठांत नैतिकता समितीची मंजुरी. समितीची बैठक महिन्यातून एकदा असू शकते. अभ्यासक्रम चार आठवड्यांचा आहे. अर्ज आधी पाठवता येत असेल तरच हा विषय धरा. नाहीतर मोठ्या माणसांवर करा.

तळटीप

कबूल केल्याप्रमाणे वाचनाचं.

फ्रेमबाहेर यांचा मुद्दा मान्य, बटणं आधी शिकावीत. पण उन्हाळी वर्गातली खरी कसोटी चर्चेत असते. तिला गुणही असतात. रोजच्या प्रत्येक लेखाचं अर्ध्या पानात टिपण काढा: लेखकाचं म्हणणं एका वाक्यात, त्याने दिलेला पुरावा, तुमचा एक आक्षेप, आणि तुमच्या ओळखीच्या माध्यमातलं एक उदाहरण. हे चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. वर्गातल्या इतरांना ते माहीत नसतं, म्हणून तिथे तुमच्या बोलण्याला वजन येतं.

आधी काय वाचावं? यादी संस्थेची येईलच, पण काही पाया कुठेही लागतो. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेले अर्थ लावण्याचे तीन प्रकार: पाठवणाऱ्याला हवा तसा, तडजोडीचा आणि विरोधातला. गाल्टुंग आणि रूगे यांचे १९६५ चे बातमीमूल्यांचे (कोणती घटना बातमी ठरते याचे) १२ निकष. मॅककोम्ब्स आणि शॉ यांचं १९७२ चं विषयपत्रिकेबद्दलचं संशोधन, माध्यमं काय विचार करायचा ते सांगत नाहीत पण कशाचा विचार करायचा ते ठरवतात, हा त्याचा गाभा. हॅलिन आणि मान्चिनी यांची २००४ ची माध्यमव्यवस्थांची तीन प्रारूपं, कारण परदेशातल्या अभ्यासक्रमात तुलना हटकून येते.

मग ज्या देशात जाणार तिथलं एक पान स्वतः तयार करा. सार्वजनिक प्रसारणाला पैसा कुठून येतो? ब्रिटनमध्ये टीव्ही परवान्याच्या शुल्कातून. जर्मनीत २०१३ पासून घरटी वर्गणी, घरात संच असो वा नसो. फ्रान्सने ते शुल्क २०२२ मध्ये रद्द केलं. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सार्वजनिक प्रसारण महामंडळाचा केंद्रीय निधी २०२५ मध्ये काढून घेतला गेला. नियामक कोण? ब्रिटनमध्ये ऑफकॉम, अमेरिकेत एफसीसी, फ्रान्समध्ये २०२२ पासून आर्कॉम. मोठी वृत्तपत्रं कुणाच्या मालकीची? तक्रार कुठे करायची? एवढी उत्तरं हाताशी असतील तर पहिल्या आठवड्यातली व्याख्यानं डोक्यावरून जात नाहीत.

निघण्याआधी एक सराव नक्की करा. एकाच दिवसाची दोन देशांतली संध्याकाळची बातमीपत्रं घ्या आणि तक्ता मांडा: बातमी, सेकंद, बोलणारा कोण, दृश्य कुठून आलं. दोन-तीन तासांचं काम आहे. निबंधाचा विषय अनेकदा त्यातूनच निघतो.

सावळी

तळटीप, बातमीपत्रांचा तक्ता ही कल्पना फारच आवडली. जुनी बातमीपत्रं तिथे बघायला मिळतात का?

तळटीप

मिळतात, पण वेळ आधी घ्यावी लागते. फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने रेडिओ-टीव्हीचं प्रसारण जतन करणं इना या राष्ट्रीय दृक्-श्राव्य संस्थेकडे आलं, संशोधकांना ते पॅरिसमधल्या राष्ट्रीय ग्रंथालयात बघता येतं. नेदरलँड्समध्ये हिल्व्हर्समची ध्वनी-चित्र संस्था आहे. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडे ऑगस्ट १९६८ पासूनची मोठ्या वाहिन्यांची संध्याकाळची बातमीपत्रं आहेत आणि त्यांची सूची घरबसल्या चाळता येते. प्राध्यापकांचं पत्र, ओळखपत्र आणि हव्या असलेल्या कार्यक्रमांची तारीखवार यादी आधी पाठवा. तिथे जाऊन यादी करायला बसलात तर दिवस त्यातच जातो.

ता.क.: यजमान विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा लॉगिन प्रवेश पक्का होताच मागा. काही ठिकाणी वर्ग सुरू होण्याआधी देतात, पण मागितल्याशिवाय नाही.

पाऊलखूण

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण उरते. फिल्मचा विषय आधी ठरवून जावा की तिथे पोचल्यावर? शहर पाहिल्याशिवाय विषय कसा ठरवणार?

फ्रेमबाहेर

प्रश्न ठरवून जा, माणसं तिथे शोधा. ‘स्थलांतरितांचं जीवन’ हा विषय झाला, त्यातून चार मिनिटांत काहीच निघत नाही. ‘दुसऱ्या भाषेत रेडिओ चालवणारे लोक बातम्या कशा निवडतात’ हा प्रश्न झाला. त्याला जागा आहे, काम करणारे हात आहेत, सुरुवात आणि शेवट असलेली एक कृती आहे. जिथे तुम्हाला स्थानिक भाषा येत नाही तिथे बोलण्यावर उभी असलेली फिल्म करूच नका, कामावर उभी असलेली करा. मुलाखत आधार म्हणून येऊ दे.

असे तीन प्रश्न लिहून न्या आणि प्रत्येकासाठी दोन-तीन संस्थांना निघण्याआधी ईमेल करा. दोघांनी उत्तर दिलं तरी खूप झालं. उन्हाळ्यात अर्धी कार्यालयं सुट्टीवर असतात. युरोपात ऑगस्टमध्ये तर विचारूच नका, म्हणून तारखा ईमेलमध्येच मागा.

चार मिनिटांच्या फिल्ममध्ये बोललेले शब्द चारशेच्या आसपास बसतात, बाकी दृश्यांना हवेत. आणि तासाभराची मुलाखत हाताने उतरवायला साधारण चार तास जातात. तीन मुलाखती वीस-वीस मिनिटांच्या पुरेत.

ध्वनिवेल्हाळ

फ्रेमबाहेर यांच्या तीन प्रश्नांना पूर्ण अनुमोदन. खरं तर आधी प्रश्न ठरला की कोणता माइक, कुठली परवानगी, काय वाचायचं हे सगळं त्यावरून ठरतं. स्टुडिओतली फिल्म असेल तर केसाळ टोपी नको, बाजारातली असेल तर तीच सगळ्यात आधी.

कागदोपत्री

उपकरणांची यादी राहिली. प्रत्येक वस्तूचं नाव, सीरियल नंबर, खरेदीची पावती, फोटो. दोन छापील प्रती. परत येताना ‘हे तिथे घेतलं का’ असं सीमाशुल्काने विचारलं तर हीच कामाला येते, आणि चोरी झाली तर विम्यालाही. प्रवासविम्यात सामानाच्या एका वस्तूवर वेगळी मर्यादा असते आणि कॅमेरा बहुतेकदा तिच्या वर जातो, ते कलम वाचा. संस्थेची महागडी सामग्री देशाबाहेर न्यायची असेल तर एटीए कार्ने या तात्पुरत्या ने-आणीच्या सीमाशुल्क-कागदाचं विचारा, वर्षभर चालतं. एका विद्यार्थ्याच्या पिशवीतल्या कॅमेऱ्याला सहसा लागत नाही.

इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल मागितला असेल तर तारीख बघा. आयईएलटीएसचा निकाल २ वर्षं धरतात.

पाऊलखूण

मग दहा आठवडे असे लावावेत का? पहिले दोन: व्हिसा, क्रेडिटचा करार, तीन प्रश्न. तिसरा ते सहावा: वाचन, देशाचं एक पान, ईमेल. सातवा-आठवा: उपकरणं आणि संमतीपत्र. नववा: बातमीपत्रांचा तक्ता. दहावा: बांधाबांध.

रात्रपाळी

एक बदल. उपकरणं पाचव्या आठवड्यात आणा आणि आठव्यात एक मिनिटाची फिल्म पूर्ण करा. तेच कार्ड, तोच माइक, तोच लॅपटॉप, अगदी उपशीर्षकांसह. घरातल्या कुणाचंही काम टिपा: हात, चेहरा, लांबून, खांद्यामागून आणि एक वेगळा कोन, प्रत्येक दृश्य दहा सेकंद. लॅपटॉपवर फोनचं एचईव्हीसी (जास्त दाबून साठवलेलं) चित्रण अडखळतं की नाही ते तेव्हाच कळतं. अडखळलं तर प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती) बनवायला शिका, लॅपटॉप बदलायची गरज नाही.

ध्वनिवेल्हाळ

त्या एका मिनिटाची ध्वनिपातळीही मोजा. युरोपात प्रसारणाचं प्रमाण उणे २३ लफ्स (आवाजाच्या मोठेपणाचं एकक), अमेरिकेत उणे २४. संस्थेने आकडा दिला नसेल तर विचारून घ्या. मोजायची सोय डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही आहे.

सावळी

उपशीर्षकांना काही नियम?

रात्रपाळी

ओळीत ४२ अक्षरांपर्यंत, जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर किमान एक सेकंद, कमाल सात. एसआरटी ही उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा, नाहीतर देवनागरी अक्षरं विस्कटतात. चित्रात भाजलेली (कायमची उमटवलेली) उपशीर्षकं फक्त वर्गात दाखवायच्या प्रतीत ठेवा.